उशिरा पडणारा ठोका

आयविंदच्या आईच्या हातून पहिला कप फुटला, तेव्हा कुणी तो मनावर घेतला नाही. कप फुटतातच. मग दुसरा फुटला, मग दुधाचं भांडं सांडलं, आणि बाबा चिडून म्हणाले, "बिर्गित, लक्ष कुठं असतं गं तुझं?" आई हसली. हसता हसता तिचा खांदा एकदाच उडाला, मागून कुणी अचानक हाक मारावी तसा. नुकताच शाळेतून आलेला आयविंद टेबलाशी बसून बघत होता. तो उडालेला खांदा त्याच्या डोळ्यांसमोरून पुढं कधी हललाच नाही.

नॉर्वेतल्या आमच्या सेतेसदालच्या दरीत त्या दुखण्याला नुसतं 'झटके' म्हणतात. डॉक्टरांकडं त्याला मोठं नाव आहे, पण ते इथं कुणी घेत नाही. 'झटके' हा शब्दसुद्धा आवाज खाली आणूनच उच्चारतात. जुनी माणसं सांगायची की अमक्या घराण्यानं कधीकाळी एका भिकारणीला ऐन थंडीत दारातून हाकललं, तिचा तळतळाट आहे. आता सगळ्यांना ठाऊक आहे की ते रक्तातून येतं. आईला किंवा बापाला असेल, तर पोराला असण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा. आणि ते लहानपणी उगवत नाही. माणूस मोठा होतो, घर बांधतो, त्याला पोरंबाळं होतात, चाळिशीला टेकतो, आणि मग एक दिवस काहीतरी हातातून निसटतं.

बिर्गित चालताना झोकांड्या खाऊ लागली तेव्हा दुकानातल्या नव्या बाईला वाटलं, ही पिऊन येते. तिनं तसं बोलूनही दाखवलं. बाबांनी त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकलं नाही, पण दरीत दुसरं दुकान नव्हतं, त्यामुळं पुढची कित्येक वर्षं सामान आणायला आयविंदच जायचा. आईची शेवटची वर्षं शुश्रूषागृहात गेली, पलंगाच्या कडांना गाद्या बांधलेल्या खोलीत. तिला पुरून आले त्या दिवशी दोघं भावंडं स्वयंपाकघरात बसली होती. धाकटी ग्यूरो तेव्हा शाळेत होती. ब्रेडवर चीज लावता लावता ती म्हणाली, "आता आपल्यातलं कोण?"

आयविंदनं तिचं तोंडच दाबलं. "असलं काही बोलायचं नाही!"

तिनं त्याचा हात बाजूला केला. "का? बोललं नाही तर येणार नाही का ते?"

ग्यूरो होतीच तशी, मनात आलं की ओठांवर. आयविंदच्या मनात आलेलं मात्र त्याच्या हातांत उतरायचं. त्या दिवसापासून त्यानं स्वतःच्या हातांवर पाळत ठेवली. सकाळी डोळे उघडले की आधी पंजे पांघरुणाबाहेर काढून बघायचा. शांत आहेत ना? मग उठायचं. कामही त्यानं असं धरलं, की हात तसूभर हलला तरी लपू नये. दरीतल्याच रिस्ताद गावात म्हाताऱ्या तोर्युसच्या चांदीच्या कारखान्यात तो केसासारखी बारीक तार वळवून, ठिपक्यांएवढे मणी वितळलेल्या चांदीचा डाग देऊन बसवायचा. दरीतल्या बायका सणाला छातीवर लावतात ते दागिने. "पोरा, तुझ्या हातात देव बसलाय," तोर्युस म्हणायचा. आयविंदला वाटायचं, देव कसला, पहारेकरी बसलाय.

दुसरा पहारा ड्रमवर होता.

शेजारच्या मळ्यावरचा तारल्ड गिटार वाजवायचा आणि गाणी रचायचा. लाकडाचा ट्रक चालवणारा ड्रेंग बास वाजवायचा आणि गायचा. गायचा म्हणजे नरड्याच्या तळातून खरवडून काढल्यासारखा ओरडायचा. तिघांनी मिळून 'उल्वहेई' नावाचा मेटल बँड काढला होता. नावाचा अर्थ लांडग्यांचं पठार. बंद पडलेल्या डेअरीच्या पांढऱ्या फरशांच्या खोलीत शनिवारी-रविवारी तालीम चाले. तोंडाला पांढरं-काळं फासायचं, मनगटाला खिळ्यांचे पट्टे आणि आवाज असा की खिडकीच्या काचा रडाव्यात. ड्रेंगची आई भली बाई होती. "सैतानाचं काय करायचं ते करा," ती म्हणायची, "पण तोंड धुतल्याशिवाय माझ्या टेबलाशी बसायचं नाही."

आयविंदला सैतानाचं काही पडलेलं नव्हतं. त्याला वेग हवा होता. त्या संगीतात ड्रम इतके भरधाव लागतात, की हातांना स्वतःचं असं काही करायला फटच उरत नाही. गाणं बिनचूक पार पडलं की घामानं निथळत तो मनात म्हणायचा, आज नाही. अजून नाही. कुणी चर्चमध्ये जातं, कुणी डॉक्टरकडं जातं. आयविंद डेअरीत जायचा. उल्वहेईच्या दोन तबकड्या निघाल्या, थेट जर्मनीतून पत्रं आली, क्रिस्तियानसान शहरातली पोरं त्यांचं नाव पाठीवर शिवून हिंडू लागली.

मग तारल्ड एक हिवाळाभर बर्लिनला जाऊन राहिला. परतला तो केस कापून, आणि एक यंत्र घेऊन.

"हे काय? आईचं शिलाईचं यंत्र?" ड्रेंगनं विचारलं.

"यात आवाज साठवता येतो. कोणताही. मग तो ताणायचा, चिरायचा, उलटा करायचा."

"आणि गिटार?"

"गिटार भिंतीला टांगली."

ड्रेंगनं आयविंदकडं बघितलं. "ऐकलंस? साहेब बर्लिनला जाऊन आले आणि गिटार भिंतीला टांगली. उद्या आपल्यालाही टांगतील."

"ड्रेंग, ऐक," तारल्ड म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. "इतकी वर्षं आपण लांडगे आणि बर्फ आणि नरक यांच्यावर बोंबलतोय. तू लांडगा शेवटचा कधी पाहिलास? लोक तोंडं रंगवून येतात, बिअर पितात, मजा करून घरी जातात. कुणी घाबरतं का? मला असं काहीतरी करायचंय की ऐकताना मलाच भीती वाटली पाहिजे."

"मला तुझ्या स्वयंपाकाची भीती वाटते. तो भर त्या यंत्रात."

पण तारल्डनं यंत्र सुरू केलं आणि ड्रेंगची थट्टा तोंडातच राहिली. त्यानं आजोबांची तोंडात धरून वाजवायची लोखंडी मोरचंग वाजवून यंत्रात भरून घेतली होती आणि तिचा एकच सूर इतका ताणला होता, की बर्फाखाली एखादं जनावर जिवंत अडकून पडल्यासारखं वाटत होतं. त्याच्या खाली वीजकेंद्राच्या तारांची गुणगुण. त्याच्याही खाली काहीतरी होतं, ऐकू येत नव्हतं, नुसतं पोटात लागत होतं.

"यात ड्रम कुठं आहेत?" आयविंदनं विचारलं.

"आहेत. पण हळू. एक ठोका, मग मोठी पोकळी, मग दुसरा. लोकांनी त्या पोकळीत वाट बघत बसायचं."

आयविंदनं काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या. इतकी वर्षं ज्या फटी त्यानं वेगानं बुजवल्या होत्या, त्या तारल्ड आता उघडायला सांगत होता.

आणि झालंही तसंच. भरधाव गाण्यात हात लपतो. संथ गाण्यात तो उघड्या माळावर एकटा उभा असतो. काठी उचलायची, हवेत धरायची, थांबायचं. त्या थांबण्यात आयविंदला स्वतःचं मनगट दिसायचं, मनगटातली शीर दिसायची, आणि शिरेआड काहीतरी दबा धरून बसलंय असं वाटायचं. एका रविवारी ते हललं. काठी ड्रमच्या कडेला टिचकन लागली. खोलीत दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं.

"गारठलोय," आयविंद म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाला.

त्यानंतर त्यानं बोटं कापलेले लोकरी हातमोजे घालून वाजवायला सुरुवात केली. कारखान्यात मणी डाग देताना तो मधेच थांबू लागला. तोर्युसनं चष्म्यावरून पाहिलं, पण म्हातारा दरीतला होता. असल्या गोष्टीत दरीतला माणूस विचारत नाही. ते न विचारणंच आयविंदला जास्त टोचायचं. शेवटी त्यानं स्वतःच तारल्डला म्हटलं, "ठोक्यांचं काम यंत्रालाच दे ना. ते चुकत तरी नाही."

"म्हणून तर नको," तारल्ड म्हणाला. "न चुकणाऱ्याला घाबरतं कोण?"

इकडं बाहेर बातमी फुटली होती. उल्वहेईनं गिटार सोडली, शहरी पोरांसारखं यंत्र घेतलं, विकली गेली. एका मासिकानं मुलाखत छापली आणि नको त्या गावांहून नको ते फोन येऊ लागले. फोन उचलला की पलीकडं नुसता श्वास. एका सकाळी ड्रेंगच्या ट्रकवर लाल रंगात लिहिलेलं सापडलं: गद्दार. पुढच्या शनिवारी तालमीला गेले तर डेअरीच्या दाराला एक कावळा खिळ्यानं ठोकलेला होता, पंख पसरून. खिळा त्यांच्याच मनगटपट्ट्यांतल्यासारखा, लांब.

त्या वर्षांत आमच्याकडं असल्या गोष्टी हसण्यावारी नेता येत नव्हत्या. मेटलवाल्या पोरांनी चर्चं जाळली होती, जीवही गेले होते. ड्रेंग अंगानं अस्वलासारखा, पण त्या दिवसापासून तो सीटखाली लोखंडी कांब ठेवू लागला.

"आपणच वर्षानुवर्षं सैतानाला हाका मारल्या," तो म्हणाला. "आता आला तर तक्रार कशाला!" पण हसला नाही.

तारल्डनं कावळा काढला, डेअरीमागं पुरला, आणि आत येऊन कामाला लागला. तो दिवसचे दिवस यंत्रापुढं बसू लागला. दाढी वाढली, खाणं सुटलं. आयविंदला कधी कधी त्याचीच भीती वाटायची. इतक्या मनापासून भीतीच्या मागं लागलेला माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता. तो स्वतः तर जन्मभर तिच्यापासून पळत आला होता.

एप्रिलमध्ये बर्फ वितळून ओत्रा नदी तपकिरी धावत होती. तारल्डनं आयविंदला एकट्यालाच डेअरीत बोलावून घेतलं. "बस. हे तुझ्यापासून केलंय."

स्पीकरमधून आधी काहीच आलं नाही. मग एक ठोका. खोल, ओला. मग पोकळी. मग दुसरा ठोका. पण यायला हवा होता त्याच्या किंचित नंतर, आणि त्याच्या शेपटीला एक बारीकशी टिचकी, जणू हात पडता पडता दचकला. पुन्हा तेच. ठोका, पोकळी, उशिरा पडलेला ठोका, दचक. तारल्डनं तो तुकडा कापून वर्तुळात बांधला होता. तो संपतच नव्हता. दर फेरीला खालून तो न ऐकू येणारा आवाज वाढत होता, आणि तो हात पुन्हा पुन्हा दचकत होता, पुन्हा पुन्हा.

आयविंद खुर्चीवरून उठला. त्यानं जे स्वतःपासूनसुद्धा लपवलं होतं, ते समोरच्या भिंतीएवढं मोठं होऊन बोलत होतं.

"बंद कर."

"थांब ना, पुढं तर खरं..."

"बंद कर म्हणतो ना!"

तारल्डनं बटण दाबलं. छपरावरून पाणी ठिबकत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

"हे कुठून घेतलंस?"

"तालमीतून. गेले दोन महिने तू असंच वाजवतोयस. मला वाटलं मुद्दाम करतोस. इतकं सुंदर..." तारल्ड बोलता बोलता थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून रक्त उतरताना आयविंदला दिसलं. शेजारच्याच मळ्यावर वाढलेला पोरगा तो; बिर्गित अंगणात पडली की उचलायला त्याचीच आई धावायची. "आयविंद. अरे देवा! माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आता आलं ना."

"मी पुसून टाकतो. आत्ता, तुझ्यासमोर."

आयविंद दारात थांबला. नंतर त्याला कितीतरी वेळा आश्चर्य वाटलं की आपण तेव्हा असं का म्हणालो. तो म्हणाला, "नको. पुसल्यानं काय होणार? ठेव."

घरी न जाता तो ग्यूरोकडं गेला. ग्यूरो दरीतली शाळेची बस चालवायची, नुकतंच तिचं लग्न झालं होतं आणि तिला दिवस गेले होते. ती वाफल भाजत होती. आयविंदनं सगळं सांगितलं, शेवटी म्हणाला, "मी तपासून घेणार. आता रक्त तपासतात, ओस्लोला. हो की नाही ते सांगतात."

वाफलचं यंत्र तिनं धाडकन मिटलं. "अजिबात नाही."

"रक्त माझं आहे, ग्यूरो."

"तुझं एकट्याचं? तू तिथून येशील आणि मला न सांगता गप्प बसशील होय? तुला गप्प बसता येतं का? बोलला नाहीस तरी तुझा चेहरा म्हणजे उघडी खिडकी. तुला ते आहे असं कळलं की मी रोज तुझ्यात आईला बघणार. तुला ते नाही असं कळलं तर..." तिनं वाक्य अर्धवट सोडलं. "मला पोर होणार आहे. मला माहीत करून घ्यायचं नाही. ना माझं, ना माझ्या पोटातल्याचं. मला माझं जगू दे."

"आणि मी कसं जगू? रोज सकाळी हात बघून?"

"ते तू आधीपासूनच करतोस. मला वाटलं होतं, तुला आवडतं ते."

तिनं त्याच्यापुढं ताटली ठेवली, वर तपकिरी चीजचे काप. दोघांपैकी कुणी खाल्लं नाही.

आयविंद ओस्लोला गेला. बहिणीला सांगितलं, चांदी आणायला जातोय. आधी समुपदेशन, मग रक्त, मग वाट बघणं. त्या वाट बघण्याच्या आठवड्यांत त्यानं कारखान्यात रजा घेतली, कारण त्याला एकही मणी जागेवर बसवता येईना. डावा हात आता उघड उघड उडायचा. शर्टाची बटणं लावताना उडायचा, ग्लास धरताना उडायचा. त्यानं मनातल्या मनात शुश्रूषागृहाची खोलीसुद्धा निवडून ठेवली, आईच्या खोलीच्या समोरची. कारण आईची नको होती. बाबांना काही बोलला नाही, पण बाबा त्या दिवसांत त्याचा कप अर्धाच भरायचे. ते पाहून आयविंद परसात जाऊन रडला.

निकाल ऐकायला तो एकटाच गेला. डॉक्टरीणबाई उतारवयाच्या होत्या, टेबलावर पाकीट वगैरे काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "आयविंद, तुमच्यात ते नाही."

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्यानं हात पुढं केले. हात थरथरत होते. "मग हे काय आहे?"

बाईंनी ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "हे हात कधीपासून बघत बसलाय तुम्ही?"

"आई आजारी पडली तेव्हापासून."

"एखाद्या माणसावर इतकी वर्षं कुणी बंदूक रोखून उभं राहिलं, तर तो माणूस थरथरणार नाही का? ही भीती आहे. दुखणं नाही."

परतीच्या गाडीत आनंद व्हायला हवा होता. आयविंद खिडकीशी बसून तो यायची वाट बघत राहिला. त्याऐवजी दुसरंच काहीतरी आलं. छापा माझ्या वाट्याला आला, तर काटा कुणाच्या? त्याला पक्कं ठाऊक होतं की हिशोब तसा नसतो, डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं होतं. प्रत्येकाचं नाणं वेगळं. पण भीतीला गणित कुठं येतं!

क्रिस्तियानसानहून वर दरीत जाणारी बस त्यानं मुद्दाम उशिराची घेतली. तरी रिस्तादच्या थांब्यावर उतरला तेव्हा समोर ग्यूरो शाळेची रिकामी बस धूत होती. तिनं वर पाहिलं. त्याच्या हातात चांदी नव्हती, आणि चेहरा उघड्या खिडकीसारखा होता. तिच्या हातातून पाण्याची नळी खाली पडली नाही. तिनं ती नीट गुंडाळून ठेवली.

"सुटलास," ती म्हणाली.

"ग्यूरो..."

"सुटलास तू. बरं झालं." तिनं पोटावर हात ठेवला, बसमध्ये चढली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ती कितीतरी आठवडे त्याच्याशी बोलली नाही. तिचं खोटं नव्हतं, खरोखरच तिला त्याच्यासाठी बरं वाटलं होतं. पण आता त्या घरात भ्यायला ती एकटीच उरली होती, आणि भिणं तिला येत नव्हतं; कधी शिकलीच नव्हती.

आयविंद डेअरीत परतला. हात दिवसेंदिवस शांत होत गेले. मणी पहिल्या फटक्यात बसू लागले. आणि एक विचित्र गोष्ट झाली: तो ठोका त्याला परत वाजवता येईना. तारल्डनं वाजवून बघायला सांगितलं. आयविंदचा हात ठरल्या क्षणी, स्वच्छ पडत होता.

"नाही होत," तारल्ड म्हणाला. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाज वाटली. "माफ कर. तो ठोका यंत्रातच राहू दे. तू त्याच्या बाजूनं सरळ वाजव."

"म्हणजे मी माझ्याच बाजूला बसून वाजवू?"

"त्या आयविंदच्या बाजूला," तारल्ड म्हणाला, "जो घाबरलेला होता."

जूनमध्ये क्रिस्तियानसानच्या बंदरावरच्या जुन्या गोदामात त्यांचा कार्यक्रम ठरला, नव्या रूपातला पहिलाच. संध्याकाळची वेळ, पण बाहेर लख्ख उजेड. आत अंधार, आणि अंधारात काळ्या जाकिटांची गर्दी. पाठीवर शिवलेलं 'उल्वहेई' कित्येकांनी उसवून आणलं होतं. धागे लोंबत होते. तिघं मंचावर आले, तोंडाला रंग नाही, पट्टे नाहीत. कुणीतरी ओरडलं, "गिटार कुठं विकली रे, गद्दारांनो?" पहिली बाटली ड्रेंगच्या पायाशी फुटली. दुसरी आयविंदच्या डोक्यावरून गेली. पुढं एक आडदांड माणूस मंचाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा होता, आणि त्याच्या मनगटावर खिळे होते, लांब. आयविंदला डेअरीचं दार आठवलं. ड्रेंग पुटपुटला, "कांब ट्रकमध्येच राहिली रे."

तारल्डनं बटण दाबलं.

ठोका. पोकळी. उशिरा पडलेला ठोका, आणि ती दचक. खालून तो पोटातला आवाज. आरडाओरडा चालूच होता, मग थोडा कमी झाला, मग त्यातले काही सूर मधेच तुटले. आयविंदनं काठ्या उचलल्या आणि त्या घाबरलेल्या हाताच्या शेजारी आपला शांत हात चालवायला लागला. इतक्या जवळून तो हात त्यानं कधी ऐकला नव्हता. एखाद्या आजारी माणसाला दंड धरून जिन्यावरून उतरवावं, त्याची पायरी चुकली की आपण थांबावं, तसं तो वाजवत गेला. गर्दी गप्प झाली होती. ते गप्प होणं कौतुकाचं नव्हतं. घरात कुणीतरी चालतंय आणि ते आपल्यातलं नाही असं कळल्यावर माणसं गप्प होतात, तसं होतं ते. तो आडदांड माणूस मंचापासून मागं सरकला, गर्दीत पाठमोरा झाला, आणि दाराकडं चालू लागला. बरेच जण गेले. राहिले त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. जागचे हलले नाहीत, एवढंच.

दिवे लागल्यावर आयविंदला मागच्या खांबाशी ग्यूरो दिसली, सहा महिन्यांचं पोट घेऊन, बसच्या चालकाच्या निळ्या कोटात.

धक्क्यावर दोघं दगडी कठड्यावर बसली. पाणी उजेडानं भरलेलं होतं.

"ते आईचं आहे," ग्यूरो म्हणाली. "जिन्यावरून उतरायची ना ती, शेवटी शेवटी. एक पाय, मग थांबायची, मग दुसरा पाय उशिरा. मी खोलीत पांघरुणात ऐकत पडायची."

"हात माझा आहे तो. माझ्या भीतीचा."

"हात तुझा असेल. पाऊल तिचं आहे." तिनं कोट पोटावरून ओढून घेतला. "मला भीती वाटली, आयविंद. आयुष्यात पहिल्यांदा नीट भीती वाटली. वाटलं, उठून पळावं. पण त्या मूर्ख पोरांसारखी मी गेले नाही."

"तू तपासून घेणार का मग?"

"नाही," ती म्हणाली. "पण तुझ्याशी बोलणार. आता उठव मला, या पोटासकट एकटीला उठता येत नाही."

ती तबकडी शरदात निघाली. फारशी खपली नाही. जुन्या चाहत्यांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच, नवे थोडे आले, दूरदूरच्या शहरांतून. ड्रेंग जन्मभर कुरकुरत त्या यंत्राच्या तारा गुंडाळत राहिला, पण बँड सोडला नाही. तारल्डनं त्या कामाला कधी नाव दिलं नाही, नुसता आकडा दिला. आयविंदनं लग्न केलं, तोर्युसमागं कारखाना चालवला, त्याला दोन मुली झाल्या. त्यांचे हात त्यानं कधी तपासले नाहीत.

ग्यूरोला मुलगी झाली, मग मुलगा. बर्फात, धुक्यात, दरीतल्या वळणांवरून तिनं दुसऱ्यांची पोरं शाळेत नेली आणि घरी आणली. पन्नाशीच्या अलीकडं एका सकाळी बस चालवताना तिचा पाय तिला न विचारता उडाला. तिनं बस कडेला घेतली, पोरांना हातमोजे घालायला लावून खाली उतरवलं, चावी काढली आणि दुसरा चालक येईपर्यंत त्यांना कोडी घालत रस्त्याकडेला उभी राहिली. त्यानंतर ती चाकामागं बसली नाही.

आयविंद धावत तिच्या घरी गेला. तो रडत होता, ती बटाटे सोलत होती, जरा वाकडेतिकडे.

"तुला आधी कळलं असतं तर..." तो म्हणाला.

"तर काय केलं असतं? तुझ्यासारखी हात बघत बसले असते?" ती म्हणाली. "मधली सगळी वर्षं माझी होती रे. पोरं झाली, बस चालवली, नवऱ्याशी भांडले. तुला काही झालेलं नव्हतं, तरी तुझी अर्धी जवानी त्यात गेली. मला होतं, आणि माझा एकही दिवस त्यात गेला नाही." तिनं सुरी त्याच्यापुढं सरकवली. "आता रडणं पुरे. हे घे, उरलेले तू सोल. आजपासून धारदार वस्तू तुझ्याकडं."